केनवडचा बस्ता आणि आमचं कार्ड

कार्डाची कल्पना माझी. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात फसलेल्या गोष्टीचा धनी ठरवण्यात फार वेळ जातो. नवरा म्हणतो, बिलाचं मशीन बसवायला अकोल्याहून आलेल्या माणसानं ते आमच्या गळ्यात मारलं. तसं काही नाही. त्यानं नुसतं विचारलं होतं, "मॅडम, कार्डाची स्कीम चालू करायची का? गिऱ्हाइकाला फुकट असते." मी चहाचा कप खाली ठेवायच्या आत हो म्हणून मोकळी झाले होते.

मालेगावात आमचं कापडाचं दुकान आहे. पुढच्या भागात शर्ट-पँटचं कापड आणि नवरा, मागच्या भागात पांढरी गादी, साड्या आणि मी. लग्न होऊन वाशीमहून इथं आले तेव्हा बी.कॉम.चा कागद माझ्या पेटीत होता आणि पेटी माळ्यावर. सासूबाई गेल्यावर मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एक दिवस सांगितलं, "बाई, साडी बाईनं दाखवलेली बरी राह्यते." तेव्हापासून गादीवर बसते आहे. कोणत्या बाईला साडी पसंत पडली आहे पण सासूसमोर बोलत नाही, हे मला तिच्या बोटांवरून कळतं. याचा मला गर्व आहे आणि तो या गोष्टीत पुरता उतरणार आहे.

आमच्यासारखं दुकान जगतं ते लग्नाच्या बस्त्यावर. बस्ता म्हणजे टेम्पो भरून माणसं. नवरीची आई, आत्या, मामी, शेजारणी, कोणाला काय द्यायचं याची यादी खिशात घेतलेला एखादा चष्मेवाला काका, आणि काहीही काम नसताना फक्त मान म्हणून आणलेले घरातले वडीलधारे. ही मंडळी सकाळी येतात, दुपारची भाकर दुकानातच सोडतात आणि दिवस कलल्यावर गठ्ठे बांधून निघतात. ज्या घरचा एक बस्ता चांगला झाला त्या घरचे पुढचे सगळे आपलेच, असा मामाजींचा अनुभव. मी आल्यापासून तरी तो खोटा ठरला नव्हता.

शेवटचा गठ्ठा बांधला की आमच्याकडे एक रीत होती. मामाजी गादीवरून उठायचे, त्या घरातल्या सगळ्यात मोठ्या पुरुषाच्या डोक्यावर आपल्या हातानं नवी टोपी ठेवायचे आणि खांद्यावर दुपट्टा टाकायचे. मोठ्या बाईच्या ओटीत खण आणि नारळ. माल काही भारी नसायचा. पण म्हातारे त्याची वाट पाहत असत. गठ्ठ्याला सुतळी लागली की म्हातारा हळूच आपली जुनी टोपी काढून सदऱ्याच्या खिशात घालायचा, टकलावरून हात फिरवायचा आणि सरळ होऊन बसायचा. दोन्हीकडून एक शब्द बोलला जायचा नाही.

केनवडचं घर हे आमचं पहिलं घर. दुकान नव्हतं तेव्हा मामाजी सायकलवर कापडाचा गठ्ठा बांधून खेड्यांचे बाजार करायचे. केनवडच्या बाजाराला गेले की त्या घराच्या ओसरीत गठ्ठा ठेवायचे, तिथंच जेवायचे. दुकान झालं तेव्हा पहिला बस्ता त्यांचा. पुढे त्या घरच्या कर्त्या बाई, ज्यांना मी मावशी म्हणते, त्यांच्या दोन मुली, एक मुलगा, दिराची मुलं, सगळ्यांचे बस्ते आमच्या गादीवर बांधले गेले. मावशींचे थोरले दीर, ज्यांना सगळं घर मोठे बाबा म्हणतं, ते दर वेळी येऊन दाराजवळच्या लोडाला टेकून बसायचे आणि संध्याकाळपर्यंत एकही साडी न पाहता दमायचे.

आता कार्डाकडे येते. आमच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर मोठा मार्ट उघडला. खाली किराणा, वर कपडे, आणि दारात शिरताच फुकट कार्ड. मालेगावातल्या अर्ध्या बायका आठ दिवसांत कार्डवाल्या झाल्या. मीही झाले. माझ्या पर्समध्ये तशी सहा कार्डं होती, मार्टाचं, दोन मेडिकलची, चपलांच्या दुकानाचं आणि वाशीमची आणखी कुठली कुठली. त्यातल्या एकाही दुकानाशी माझं इमान नव्हतं. साखर जिथं स्वस्त तिथून घ्यायची आणि औषध जे मेडिकल उघडं असेल तिथून. बांगड्या मात्र मी इतकी वर्षं एकाच चाचीकडे भरते. ती हात दाबून, अंगठा मुडपून अशी बांगडी चढवते की काच तडकत नाही, आणि माझ्या नणंदेच्या मनगटाचं मापही तिला पाठ आहे. तिच्याकडे कार्ड तर नाहीच, दुकानाला पाटीसुद्धा नाही. एवढं डोळ्यांसमोर असून मी कार्डं छापली. शिकलेल्या माणसाला काही गोष्टी उशिरा दिसतात.

मामाजी तेव्हा धडधाकट होते. कार्ड हातात घेऊन त्यांनी विचारलं, "हे कायले?"

मी सांगितलं, बिलावर फोन नंबर टाकला की पॉइंट जमतात, त्यावर माल फुकट मिळतो; गिऱ्हाईक बांधून राहावं म्हणून.

"गिऱ्हाईक काय बैल हाये, बांधून ठेवाले?" असं म्हणून ते जेवायला गेले.

पहिले दोन-तीन महिने मी भलतीच खूश होते. मशीन दर शनिवारी सगळ्यात इमानी गिऱ्हाइकाचं नाव काढून द्यायचं आणि दर शनिवारी एकच नाव यायचं, शिरपूर जैनचा एक माणूस. कधी साड्या, कधी शाळेचे गणवेश, कधी गोधडीचं कापड. मला वाटलं, एवढं मोठं कुटुंब आणि सगळं आमच्याकडूनच! अभिनंदन करायला मी स्वतः फोन लावला. तो शिरपूर-मालेगाव काळी-पिवळी चालवणारा ड्रायव्हर निघाला. दुकानात तो एकदाच आला होता, रुमाल घ्यायला. कार्ड त्यानं गाडीच्या काचेला अडकवून ठेवलं होतं आणि आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक सवारीला तो बिलावर आपला नंबर टाकायला सांगायचा. "मॅडम, लोकायले पाइंटाचं काय करा लागते ते समजत नाई. वाया कायले जाऊ द्याचे?" असं तो अगदी सरळपणे म्हणाला. पॉइंटांवर त्यानं दोन चादरी आणि बायकोला साडी नेली. नवरा आठवडाभर हसत होता. मी चिडले होते, पण कार्ड बंद करावं असं तेव्हाही वाटलं नाही. उलट अकोल्याच्या माणसानं सांगितलं की स्कीम नीट चालवायची तर बाकीचं फुकट वाटणं बंद करा, नाहीतर दोन्हीकडून खर्च. मला ते पटलं. टोपी, दुपट्टा, खण, सगळं पॉइंटात घातलं. ज्याला पाहिजे त्यानं पॉइंट भरले की घ्यावं.

त्याच उन्हाळ्यात मामाजींना लकवा मारला. वाशीमला दवाखान्यात ठेवलं, नवरा त्यांच्यापाशी. दुकानात मी आणि घड्या घालायला दोन बाया. आणि नेमका तेव्हा केनवडचा बस्ता आला, मावशींच्या धाकट्या मुलाच्या लग्नाचा.

बस्ता झकास झाला. नवरीचा शालू पहिल्या पाचात पसंत पडला. संध्याकाळी शेवटच्या गठ्ठ्याला सुतळी लागली आणि लोडाला टेकलेल्या मोठ्या बाबांनी आपली टोपी काढली, घडी करून खिशात घातली आणि मान जराशी खाली करून बसले. मी गादीवरून उठले. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. आणि त्यांच्या हातात कार्ड दिलं.

त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. उलटून पाहिलं. "कोनाचं हाये हे?"

"तुमचंच बाबा. यावर पॉइंट जमतील. पुढच्या वेळी टोपी, दुपट्टा, जे पाहिजे ते त्यातूनच घ्यायचं."

"माहं?" एवढंच म्हणून त्यांनी कार्ड मावशींकडे दिलं. खिशातली जुनी टोपी काढली, झटकली, डोक्यावर घातली आणि म्हणाले, "चाला."

दुकानात पंधरा माणसं होती. त्या सगळ्यांसमोर ते उघड्या डोक्यानं बसले होते. मला ते दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. दिसलं, पण मी मशीनकडे वळले आणि मावशींच्या मुलाला विचारलं, ओटीपी आला का? मावशी पदर सावरत म्हणाल्या, "येतो वं बाई." दर वेळी त्या माझ्या गालाला हात लावून जायच्या. त्या दिवशी नाही लावला.

मामाजी घरी आले तेव्हा डावा हात गेलेला होता आणि बोलणं अडखळत होतं. पलंगावर टेकवल्यावर पाणी मागायच्या आधी त्यांनी विचारलं, "केनवडचे आले व्हते?"

"आले होते."

"मोठ्या बाबाले टोपी कोनं ठेवली?"

"मीच ठेवली," मी म्हणाले.

"बरं केलं," ते म्हणाले आणि डोळे मिटले. आजारी माणसाला काय त्रास द्यायचा, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं कारण एवढंच होतं की मला लाज वाटत होती.

पुढच्या हिवाळ्यात कळलं की मावशींच्या शेंडेफळ मुलीचं जमलं. त्या घरातलं ते शेवटचं लग्न. मामाजींनी त्या बस्त्याचा ध्यास घेतला. तोवर ते दोघांच्या आधारानं चार पावलं टाकू लागले होते. "त्या दिशी मले दुकानात न्या. खुर्ची ठेवा. टोपी मी ठेवीन," असं ते रोज सांगायचे. दुपारी नवरा जेवायला घरी गेला की पहिला प्रश्न, केनवडचे आले का. मी मावशींच्या मुलाच्या नंबरवर दुकानाचा मेसेज पाठवला, लग्नसराईनिमित्त दुप्पट पॉइंट. मग तिप्पटचा पाठवला. असे मेसेज मला स्वतःला आले की मी न वाचता पुसते.

बस्त्याचे दिवस सरत आले. शेवटी एका मंगळवारी कोणाला न सांगता मी एसटीनं केनवडला गेले. पिशवीत टोपी, दुपट्टा, खण आणि नारळ.

मावशींनी दारातच हात धरला. पाय धुवायला पाणी दिलं, चहा ठेवला, मामाजींची चौकशी केली. कुठं काही बिनसलंय असं कोणी म्हटलं नसतं. पण आतल्या खोलीच्या दारातून मला गठ्ठे दिसले आणि त्यांच्याशेजारी मार्टाच्या छापील पिशव्या. बस्ता झाला होता. तोही मालेगावात. आमच्या दारावरून पुढे जाऊन.

माझा तोल गेला. "मावशी, आमच्या दुकानावरून गेलात तुम्ही? आत डोकावावंसंही वाटलं नाही?"

"गेलो," मावशी म्हणाल्या. "टेंपोत सगयाइनं माना दुसरीकडे केल्या. मले काई बरं वाटलं नाई, बाई."

"मग काहून?" रागाच्या भरात माझ्याही तोंडून त्यांचीच बोली आली.

त्या चहा गाळत होत्या. गाळून झाल्यावर बोलल्या. "मोठे बाबा येत नाई म्हने तुह्या दुकानात. म्हातारं मानूस, सगयाइच्या म्होरं डोकं उघडं करून बसलं व्हतं. तू त्याइच्या हातात ते देल्लं."

"त्यावर टोपी मिळतच होती, मावशी. नुसतं मागायचं होतं."

"मान मांगून घ्याचा का वं?"

त्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला.

"मार्टात कोनी टोपी ठेवत नाई," त्या पुढे म्हणाल्या. "ते पयल्यापासून मालूम हाये. तथी आस नाई, म्हनून रागही नाई. तुह्या तथी आस व्हती."

ओसरीत मोठे बाबा बाजेवर पडले होते. मी जवळ जाऊन पिशवीतली टोपी काढली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठेव तथी." बाजेजवळच्या कोनाड्यात मी ती ठेवली. "भाऊ चालून राह्यला का आता?" त्यांनी मामाजींबद्दल विचारलं. मी सांगितलं, चार पावलं टाकतात. "मंग लगनाले घेऊन या त्याले," ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

घरी येऊन मी मामाजींना सगळं सांगितलं. टोपीचं, कार्डाचं आणि मी बोललेल्या खोट्याचंही. त्यांनी आरडाओरडा केला नाही, त्यांना करताही आला नसता. दोन दिवस त्यांनी माझ्या हातून ताट घेतलं नाही. नवऱ्यानं आणलं तर खायचे, मी ताट घेऊन गेले की मान वळवायचे. इतक्या वर्षांत ते मला कधी वाकडं बोलले नव्हते, आणि आता हे. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मी नेलेल्या ताटातला घास घेतला आणि म्हणाले, "लगनाले जा. मले नाई जमनार. आहेर चांगला ने."

कार्डं त्या आठवड्यातच बंद केली. अकोल्याच्या माणसानं फोनवर खूप समजावलं. बस्त्याला टोपी-दुपट्टा पुन्हा सुरू केला, आता नवरा ठेवतो. कार्डानं एकही गिऱ्हाईक जास्तीचं आलं नाही असं मी म्हणणार नाही. शिरपूरचा ड्रायव्हर अजून सवाऱ्या आणतो, चहा पिऊन जातो. पण जे येणारच होते त्यांच्याच हातात आम्ही कार्डं दिली, आणि जे जाणार होते ते कार्ड खिशात घेऊन गेले.

लग्न केनवडलाच होतं, दारापुढच्या मांडवात. आमचा आहेर दिला, अक्षता टाकल्या, जेवले. पंगतीत बसलेल्या प्रत्येक बाईच्या अंगावर मार्टातली नवी साडी होती आणि मी न ठरवताही प्रत्येकीची किंमत मनात लावत होते. दोन-तीन ठिकाणी मी याहून बरा रंग काढून दिला असता. निघायच्या वेळी मावशींनी मला आतल्या खोलीत नेलं. पाट मांडून बसवलं, कुंकू लावलं आणि ओटीत साडी घातली.

बस्त्यात दोन ढीग असतात. एक देण्या-घेण्याच्या साड्यांचा. तो काका यादी पाहून मोजून घेतो, रंगसुद्धा पाहत नाही. दुसरा ढीग लहान असतो, आत्या, मामी, सख्ख्या जावा यांच्यासाठी. तिथं प्रत्येक साडी उलगडून, खांद्यावर टाकून, त्या बाईचा वर्ण आठवून घेतली जाते. इतकी वर्षं मी हे दोन ढीग वेगळे करून दिले आहेत. ओटीतल्या साडीवर हात फिरवला आणि मला कळलं की ही दुसऱ्या ढिगातली आहे. गर्द जांभळी, बारीक काठ. मला जांभळा शोभतो हे मावशींनी मार्टात उभं राहून, टेम्पो खोळंबलेला असताना आठवलं होतं. मला हुंदका आवरला नाही.

मावशींनी माझ्या गालाला हात लावला. "रडतं काहून? दुकानात आता आमचं येनं व्हते का नाई, पोट्ट्यायचं काई सांगता येत नाई. तू घरी येत जाय."

दुसऱ्या दिवशी मामाजींनी साडी मांडीवर घेऊन उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात पदर चोळून पाहिला. "आपली नाई," ते म्हणाले. मग साडी माझ्याकडे सरकवून, "कापड चांगलं हाये. नेस."

नेसले आणि दुकानात येऊन गादीवर बसले. दुपारी दोघी मायलेकी आल्या, मेडशीकडच्या. मी वीसेक साड्या उलगडल्या. लेकीची बोटं एकाही साडीवर थांबेनात. तिची नजर सारखी माझ्या पदराकडे जात होती. शेवटी आईनंच विचारलं, "तुमच्या आंगावर हाये तशी दाखवा ना."

"ही आमच्याकडची नाही," मी म्हणाले.

"मंग कुठं भेटते?"

नवरा पुढून वळून बघत होता. मी उठले, त्यांना दारापर्यंत घेऊन गेले आणि मार्टाची पाटी दाखवून सांगितलं की जिना डाव्या हाताला आहे आणि साड्या वरच्या मजल्यावर.